मदत हवी आहे: सायनससाठी अननसाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल आईला द्याव्यात का?

नमस्कार मंडळी. आई ६३ वर्षांची, नाशिकला माझ्याकडेच असते. दिवाळीपासून तिचा सायनस हटायला तयार नाही. उजवा गाल जड, केर काढायला वाकली की ठणका, रात्री घशात कफ उतरतो. हल्ली म्हणते, "नाकात कसलातरी कुजका वास येतो गं." आम्हाला कुणालाच येत नाही. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. गोळ्या चालू आहेत तोवर बरं, संपल्या की आठवड्यात पहिले पाढे पंचावन्न. वाफ झाली, ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकवून हुंगून झाली.

आता मावसबहिणीने अमेरिकेहून ब्रोमेलेनची बाटली पाठवलीय. ५०० मिलिग्रॅम, उपाशीपोटी घ्यायची. अननसाच्या देठातून काढलेलं, प्रथिनं तोडणारं एन्झाइम. नाक आणि सायनसच्या ऑपरेशननंतरची सूज उतरायला जर्मनीच्या 'कमिशन ई'ने (वनौषधी तपासणारी तिथली सरकारी तज्ज्ञ समिती) याला मान्यता दिली होती, असं वाचलं. पण ऑपरेशननंतरची सूज वेगळी आणि आईचं हे महिनोन्‌महिने साचलेलं वेगळं, नाही का?

शिवाय आईला गेल्या वर्षी स्टेंट बसवलाय. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. त्यावर हे चालेल? आणि आधी डॉक्टरांनी सेरॅशिओपेप्टिडेज दिली होती, तीही एन्झाइमच ना? तिने काडीचा फरक पडला नाही.

ता. क. गणपतीत उजव्या वरच्या दाढेचं रूट कॅनाल केलंय, कॅप बसवायची राहिलीय. त्यामुळे चावायला त्रास होतो, गोळ्या मात्र नीट गिळते.

प्रतिसाद १:
ताई, बाटली कपाटात ठेवा. ब्रोमेलेनने रक्त गोठायला आणखी वेळ लागू शकतो, आणि आईंच्या दोन्ही गोळ्या त्याच कामाच्या. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही देऊ नका. आणि कॅप्सूल देता यावी म्हणून क्लोपिडोग्रेल थांबवण्याचा विचार चुकूनही नको, स्टेंट आहे. सेरॅशिओचं म्हणाल, तर ते एन्झाइम रेशमाच्या अळीच्या आतड्यातल्या जंतूपासून मिळालं. ज्या जपानी कंपनीने ते औषध म्हणून आणलं तिनेच २०११ मध्ये ते परत घेतलं, कारण नव्या चाचण्यांत ते औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. आपल्याकडे मात्र दुखण्याच्या गोळ्यांत अजून सर्रास मिसळलेलं असतं. मी तीस वर्षं औषधाच्या दुकानात काढली, गठ्ठ्याने विकलंय.

प्रतिसाद २:
मी तुमच्या ता. क.वरच अडकले. वरच्या मागच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसच्या तळाला खेटून असतात, कधीकधी मध्ये कागदाएवढंच हाड. एकाच बाजूचा त्रास, कुजका वास आणि त्याच बाजूची दाढ! आमच्या ह्यांचं अगदी असंच होतं. साध्या एक्स-रेत काही दिसलं नाही, दातांचा सीटी काढला तेव्हा मुळाशी पू दिसला. दाढ काढली, मग सायनस शांत झाला. दातांच्या डॉक्टरांना गाठाच, पण कान-नाक-घसावाल्यांनाही दाखवा. एकाच बाजूला बुरशी साचली तरी असंच होतं, विशेषतः मधुमेह असेल तर वेळ घालवू नका. डोळ्याभोवती सूज आली किंवा एकाचे दोन दिसू लागले तर थेट हॉस्पिटल. नाक मिठाच्या पाण्याने धुणार असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं नको.

धागाकर्ती:
बाप रे, दाढेचं तर मी सहज लिहिलं होतं! आत्ता आईला विचारलं, तर म्हणते, "त्या दाढेवर दाबलं की गालात कळ जाते, पण म्हटलं कॅप नाही म्हणून असेल." इतके दिवस बोलली नाही. मधुमेह नाहीये. उद्या अकराची वेळ मिळालीय. कॅप्सूलची बाटली वरच्या फळीवर गेली. फक्त बहिणीचं ऐकून काल अख्खा अननस आणलाय, तो तरी खाल्ला तर चालेल का, असं आई विचारतेय.

प्रतिसाद १:
दोन-चार फोडी खाऊ द्या की, कॅप्सूलइतकं त्यात नसतं. उरलेल्याचा शिरा करा, शिजल्यावर ते एन्झाइम तसंही निकामी होतं. उद्या डॉक्टर काय म्हणाले ते इथे कळवा.