हिरव्या माश्या दिसल्या म्हणजे झाडी सडली? जरा थांबा की

कडक_भाकरी:
काल इथं एका भाऊंनी फोटो टाकला. विजापूर रोडच्या झाडीत मेलेलं कुत्र्याचं पिल्लू, त्यावर हिरव्या-निळ्या चमकणाऱ्या माश्यांचा थर, आणि खाली ओळ "हेच का सोलापूरचं फुफ्फुस? पार सडलंय. एकदाची धूर फवारणी करून टाका." त्याखाली सगळे बरोबर बरोबर म्हणायलेत. म्हणून एवढं लांब लिहायलोय, वाचायचं नसेल तर पुढं जा.

अबे, पिल्लू मेलं तर माशी येणारच ना? उलट ते दोन दिवस तसंच पडून राहिलं असतं आणि एक माशी फिरकली नसती तर मी घाबरलो असतो. आपल्या उन्हात अंडी दिवसभरात फुटतात, आठवड्याभरात अळ्या मांस संपवून मातीत शिरतात. एवढी सफाई फुकटात कोण करतंय?

माशी आहे का नाही हा प्रश्नच नाही, कुठली माशी आहे ते बघायचं असतं. मोठ्या लाल डोळ्यांची, निळसर-हिरवी, जाड अंगाची जी असते ती क्रायसोमाया मेगासेफाला. उघड्यावरची हागणदारी, कचरा, सडकी मासळी, जिथं माणसाची घाण तिथं ती. झाडीत पार आत सापळा लावला आणि तरी त्यात तीच ती सापडायली तर समजा शहर आत शिरलंय. पण चार-पाच जाती सापडल्या, त्यात वस्तीत सहसा न दिसणाऱ्याही निघाल्या, तर झाडीत अजून दम आहे.

फिनलंडच्या नुओर्तेवा नावाच्या शास्त्रज्ञानं 1963 साली याचं गणितच मांडलंय. एकेक जात शहरात किती टक्के, खेड्यात किती आणि माणूस राहत नाही तिथं किती, त्यावरून अधिक 100 ते उणे 100 असा आकडा निघतो. अधिकच्या टोकाला पक्क्या शहरी माश्या, उण्याच्या टोकाला माणसाला टाळणाऱ्या. ब्राझीलमध्ये शहरात अडकून राहिलेल्या जंगलाच्या तुकड्यांची तब्येत अशीच बघतात. तिथं मेसेम्ब्रिनेला म्हणून माशी आहे, ती दाट सावली आणि ओल सोडून बाहेर येत नाही, आणि ढिगानं अंडी घालायची सोडून एका वेळी एकच अळी पोटात वाढवते. त्यामुळं जंगल तुटलं की गेलीच. आणि आपल्याकडं असते ती मेगासेफाला 1970 च्या दशकात तिथं घुसली, ती मात्र शहराच्या कडेकडेनं मजेत आहे.

फवारणी करून काय होणार? उडणारं सगळं मरणार, फुलपाखरं, मधमाश्या, सगळं. कचऱ्याच्या ढिगात आत बसलेल्या अळ्यांना धूर लागत पण नाही. आठवड्यानं परत तेवढ्याच माश्या.

जुळे_सोलापूरकर:
फोटो मीच टाकला होता, "एका भाऊंनी" कशाला, नाव घेऊन बोला की. माझी आई रोज सकाळी तिथं चालायला जाते, बाकड्यावर बसली की तोंडावर माश्या. धाकट्याला मागच्या पावसाळ्यात जुलाब होऊन सलाईन लावावं लागलं, डॉक्टरच म्हणाले माश्या बसलेलं खाल्लं असेल. तुम्हाला एवढं प्रेम असेल तर घरी नेऊन पाळा. आम्हाला फिनलंड सांगू नका, तिथं मे महिन्यात 44 डिग्री असतं का?

कडक_भाकरी:
पोराचं ऐकून वाईट वाटलं भाऊ, खरंच. पण घरात पोळीवर येऊन बसते ती घरमाशी, तिचं कुळच वेगळं. हिरव्या-निळ्या पण जंतू वाहतात, ते मी नाकारत नाही, पण त्यांची ओढ मेलेल्या जनावराकडं जास्त.

जुळे_सोलापूरकर:
म्हणजे आता पोरानं जेवायच्या आधी माशीचं आधार कार्ड तपासायचं. ठीक आहे.

मोहोळचा_शेळीवाला:
जुळे भाऊंना माझा पाठिंबा. माश्यांचं कौतुक शहरातल्यांनाच सुचतं. माझ्या शेळीला कुंपणाची तार लागली, एवढीशी जखम, लग्नाच्या गडबडीत दोन दिवस बघितलं नाही तर आत किडे वळवळायलेत. टर्पेंटाईन घातलं, आमच्या म्हातारीनं सीताफळाचा पाला वाटून भरला, तेव्हा कुठं वाचली. माशी ती माशी, मारायचीच.

कडक_भाकरी:
दादा, जिवंत जनावराच्या जखमेत अंडी घालणारी क्रायसोमाया बेझियाना, ती वेगळी. ती मढ्यावर वाढतच नाही, तिला जिवंत मांसच लागतं. एकाच घराण्यातली आहे, पण चुलत्यानं केलेल्या चोरीत पुतण्याला आत टाकता का?

मोहोळचा_शेळीवाला:
आमच्याकडं टाकतात.

गवताळ:
दोन्ही बाजूंना काही कळलेलं नाही असं दिसतंय. मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही, की ते "जंगल" आहे का? विजापूर रोडची झाडी म्हणजे माणसानं लावलेली झाडं. गिरीपुष्प, सुबाभूळ, कडुलिंब. सोलापूरचं मूळचं रान म्हणजे माळ, गवत, बोरी-बाभळी. इथं दाट सावलीतली माशी कधी नव्हतीच, तर ती "गेली" का "राहिली" हे कशावरून ठरवणार? ब्राझीलमध्ये रिओच्या तिजुका जंगलाशी तुलना करता येते कारण तिथं पावसाचं जंगल आहे, आपल्याकडं वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पडला तर लोक पेढे वाटतात. आणि मेसेम्ब्रिनेलाला आता बरेच जण वेगळं कुळच धरतात, तुमच्या निळ्या माश्यांच्या कुळात नाही धरत, एवढं पण बघून लिहायचं असतं.

शिवाय या माश्या काही किलोमीटर सहज उडतात. झाडीत सापडलेली माशी आसरा चौकातल्या उकिरड्यावरून आलेली नाही हे कसं सांगणार?

आणि मला कुणी सांगा, झाडं लावली की पर्यावरण झालं हे खूळ कधी जाणार? नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 चं, आधी साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, नंतर कमी करून सव्वाबाराशेच्या घरात आणलं. तिथं पण माळावर झाडं लावून ठेवली. माळढोकाला झाडं नको असतात हो! त्यावर कोणी धागा काढत नाही. मेलेल्या पिल्लावर काढतात.

कडक_भाकरी:
आला बघा माळढोक. कुठलाही विषय काढा, तिसऱ्या कमेंटीला हे नान्नजला पोचणार.
कुळाचं म्हणाल तर ठीक आहे, तुमचं पुस्तक माझ्यापेक्षा नवीन, घ्या. पण माझा मुद्दा त्यानं कुठं हलला? लांबून उडत येतात हे तर माझ्याच फायद्याचं आहे. एकच सापळा लावून कोण निष्कर्ष काढतंय? रस्त्याच्या कडेला एक, मधे एक, पार आत एक, आणि उन्हाळा-पावसाळा दोन्हीत. कडेपासून आत जाताना मेगासेफालाचा वाटा कमी होत गेला तर झाडी काहीतरी अडवून धरतेय. सगळीकडं सारखाच निघाला तर नुसता हिरवा रंग दिलेला रस्ता आहे तो. यासाठी मूळचं जंगल लागत नाही.

गवताळ:
हे पहिल्या पोस्टीत लिहिलं असतं तर मी एवढं टाईप केलं नसतं.

अशोक_चौक_वाली:
अहो पण माश्या येतात कशामुळं ते बोला की! मी त्याच बाजूनं स्कूटीवर जाते. रात्री चिकन दुकानाच्या पिशव्या कडेला फेकून जातात, पिसं, आतडी, पाय, सगळं. सकाळी कुत्री ओढत आत नेतात. तुम्ही सापळे लावत बसा.

चिकनवाला_पेठेतला:
ताई सगळे दुकानदार तसे नसतात. वेस्ट न्यायला गाडी येणार म्हणून पैसे भरतोय, गाडी आली तर आली. बर्फ नाही, फ्रीजर भरलाय, मे महिन्यात तासाभरात वास सुटतो, शेजारी भांडायला येतात, मग करायचं काय? कापायला आमच्याकडंच येता, तुमच्या स्कूटीच्या डिकीत पण आमचीच पिशवी असते. रविवारी रांगेत आधी मला द्या म्हणून ओरडणारे हेच.

अशोक_चौक_वाली:
मी शाकाहारी आहे.

चिकनवाला_पेठेतला:
तुम्ही नसाल, तुमचे मिस्टर ओळखीचे वाटतात.

भूतदया_पथक:
कुत्र्यांना का मधे आणता? ती भुकेली असतात म्हणून ओढतात. आम्ही संध्याकाळी भात-दूध घालतो म्हणून निदान चावत नाहीत. ते पिल्लू गाडीखाली गेलं असणार, फोटो काढणाऱ्याला पुरायला हात नव्हते का?

जुळे_सोलापूरकर:
ऑफिसला उशीर होत होता मॅडम. आणि तुमचा दूध-भात झाडीच्या तोंडाशीच सांडलेला असतो, त्याच्यावर पण माश्याच असतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय, कुठंही रस्त्यावर नाही, नेमून दिलेल्या जागीच खायला घालायचं.

भूतदया_पथक:
नेमून दिलेली जागा कुठं आहे ते दाखवा, उद्यापासून तिथं घालते. दाखवाच.

मोहोळचा_शेळीवाला:
तुमच्या त्या कुत्र्यांनी आमच्या भावकीत दोन करडं फाडली. पथक पाठवा की आमच्याकडं. भात-दूध लागत नाही त्यांना आता.

भूतदया_पथक:
रात्री करडं उघड्यावर ठेवायची आणि दोष कुत्र्याला!

मोहोळचा_शेळीवाला:
तुम्ही आमच्या गोठ्यात येऊन बघितलंय का? उगं काही पण बोलायचं.

काका_दमाणीनगर:
भांडू नका रे. आमच्या लहानपणी मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की गिधाडं उतरायची, संध्याकाळपर्यंत नुसता सांगाडा. माशीला अंडी घालायला सवडच नसायची. गुरांना द्यायच्या डायक्लोफेनॅकनं गिधाडांचं मूत्रपिंड जायचं, पांढऱ्या पाठीची तर शंभरातली नव्याण्णव संपली. गुरांसाठी ते औषध बंद केलं 2006 ला, तोवर उरलं काय होतं? आता ती जागा कुत्र्यांनी आणि माश्यांनी घेतली. तुम्ही सगळे एकाच भानगडीचे तुकडे धरून एकमेकांवर ओरडायलात.

गवताळ:
काकांचं बरोबर आहे, फक्त गिधाडं असताना माश्या नव्हत्या असं नाही. माश्या तेव्हाही पहिल्याच पोचायच्या.

काका_दमाणीनगर:
मी तिथं होतो, तू नव्हतास.

कडक_भाकरी:
अजून एक सांगायचं राहिलं. 2013 मध्ये आयव्हरी कोस्ट आणि मादागास्करमध्ये अशाच माश्या पकडून त्यांच्या पोटातला डीएनए काढला, त्यावरून जंगलात कुठले कुठले प्राणी आहेत ते कळलं, प्राणी न बघता. आपल्या झाडीतल्या माश्यांच्या पोटात काय निघेल? मुंगूस, ससा, कोल्हा निघाला तर मी पेढे वाटतो.

जुळे_सोलापूरकर:
ब्रॉयलर निघेल. नव्वद टक्के ब्रॉयलर.

कडक_भाकरी:
अगदी बरोबर बोललात! तेच तर मी पहिल्यापासून सांगायलोय, तेच कळायला हवंय. ब्रॉयलरच निघाला तर ते कागदावर घेऊन साहेबाच्या टेबलावर ठेवता येतं, तुमच्या फोटोवर कोण हलणार?

जुळे_सोलापूरकर:
बरं मान्य, फवारणी झाडीत नको. पण बाहेरचा उकिरडा उचलेपर्यंत मी आईला तिकडं पाठवत नाही. आणि माश्यांवर प्रेम वगैरे करणार नाही, हे लिहून घ्या.

कडक_भाकरी:
प्रेम कुणी मागितलंय. रविवारी या. रिकाम्या पाण्याच्या बाटल्यांचे सापळे करू, खालच्या बाजूला भोकं, वर जाळी, आत सडवलेली मासळी नाहीतर कोंबडीची कलेजी. परवानगीचा अर्ज मी लिहितो. दीड-दोन दिवस आधी सडवायला लागते, कुणाच्या घरी ठेवायची बोला.

जुळे_सोलापूरकर:
माझ्या गॅलरीत नाही. आधीच सांगतो.

अशोक_चौक_वाली:
मी शाकाहारी आहे.

चिकनवाला_पेठेतला:
कलेजी मी देतो, फुकट, सडवून पण देतो. रिपोर्टात दुकानाचं नाव घालायचं नाही.

गवताळ:
एक सापळा नान्नजला पण लावा.

कडक_भाकरी:
लावतो बाबा, पेट्रोल तू घाल.