मदत हवी आहे : मुंबईत दोन दिवसांत मुलांना पक्षी, प्राणी आणि समुद्र दाखवायचा आहे

सीना_काठ
आम्ही दोन दिवसांसाठी मुंबईला येत आहोत. मुलांना मॉल किंवा खेळांची केंद्रे नकोत, त्यांना खराखुरा निसर्ग दाखवायचा आहे आणि रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवायचेच आहेत, कारण धाकट्याने तसा शब्द माझ्याकडून घेतला आहे. चार दिवस मी माहिती शोधते आहे; प्रत्येक ठिकाणी वीस स्थळांची यादी मिळते, परंतु कोणते स्थळ कशाला जोडून करावे हे कुणीही सांगत नाही. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, राणीची बाग, ऐरोलीची होडी, कर्नाळा आणि घारापुरी एवढे दोन दिवसांत बसवून क्रम सांगावा. रेल्वेची तिकिटे उद्याच काढायची आहेत, म्हणून लवकर उत्तर मिळाल्यास उपकार होतील.

खारफुटी
ताई, तारीख सांगितल्याशिवाय क्रम सांगता येणार नाही. मुलांची वये, मुक्कामाचे ठिकाण आणि सोबत कुणी वयस्कर आहे का, हेही लिहावे. राष्ट्रीय उद्यान, कान्हेरी आणि घारापुरी सोमवारी बंद असतात, राणीची बाग बुधवारी बंद असते. वार कळला तरी निम्मा प्रश्न सुटेल.

दोन_दुर्बिणी
माझ्या मते बाकी सारे सोडून फक्त ठाण्याच्या खाडीत जावे. हे अभयारण्य २०१५ साली घोषित झाले आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. सुमारे १७ चौरस किलोमीटरच्या या पट्ट्यात खारफुटी आणि उथळ खाडी आहे, आणि तिच्या चिखलातल्या नीलहरित शेवाळावर हजारो छोटे रोहित जगतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वनविभागाच्या होड्या सुटतात. होडी चालण्यापुरते पाणी हवे म्हणून फेऱ्या भरतीच्या वेळा पाहून ठरवतात. परंतु पाणी पूर्ण चढले की चिखल झाकला जातो आणि पक्षी उडून नेरूळच्या पाणथळींकडे जातात. म्हणून फेरी निवडताना पूर्ण भरतीच्या थोडी आधीची किंवा थोडी नंतरची निवडावी. चारशे मिलिमीटरची लेन्स आणावी, तीनशेची अपुरी पडते, आणि सकाळी सूर्य पाठीशी राहील अशा बाजूला बसावे.

वनवाट
त्यांनी लेन्सविषयी विचारलेले नाही. लहान मुलाला होडीत बसवून दूरवरची गुलाबी रेघ दाखवण्यापेक्षा राष्ट्रीय उद्यानात पूर्ण दिवस द्यावा असे मी आग्रहाने सांगेन. एका महानगराच्या हद्दीत १०३ चौरस किलोमीटरचे जंगल, त्यात तुळशी आणि विहार हे दोन तलाव, आणि मध्यभागी कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी, असा योग दुसरीकडे मिळत नाही. कान्हेरीच्या पायऱ्यांवरून चढताना खडकात कोरलेल्या पाण्याच्या पोढी दिसतात आणि पावसाळ्यानंतर त्या भरलेल्या असतात. डोंगरावर पडलेले पाणी भिक्षूंनी पन्हळींनी कसे वळवले, हे पाहणे माझ्या मुलीला तिथल्या मूर्तींपेक्षाही जास्त आवडले होते.

सीना_काठ
उद्यानात बिबटे आहेत ना? त्याची मला भीती वाटते. वार विचारला आहे म्हणून सांगते : भाऊबीज आणि तिचा दुसरा दिवस, म्हणजे बुधवार आणि गुरुवार. मुक्काम मुलुंडला भावाकडे आहे. मुले पाच आणि दहा वर्षांची आहेत. सासरे सोबत आहेत, त्यांचे वय ७४ आहे आणि गुडघे दुखतात. हे आधी लिहायला हवे होते हे मान्य आहे, पण मला फक्त क्रम हवा होता.

खारफुटी
ताई, या माहितीने सारे चित्रच बदलले. दिवाळीत रोहित पक्षी बहुतेक आलेले नसतात. ते हिवाळ्यात येऊ लागतात, खरी गर्दी जानेवारीनंतर होते आणि मे अखेरपर्यंत ते राहतात. धाकट्याला दिलेला शब्द या फेरीत पाळता येईल असे कृपया धरून चालू नये. खाडीवर जाऊन त्याची निराशा होण्यापेक्षा आधीच सांगितलेले बरे. दोन_दुर्बिणी यांनी लिहिलेले खरे आहे, परंतु ते फेब्रुवारी-मार्चचे वर्णन आहे.

दोन_दुर्बिणी
तारीख त्यांनी दिली नव्हती, मी हंगाम गृहीत धरला, ही माझी चूक. तरीही ऐरोली वगळू नये. तिथे खारफुटीतून जाणाऱ्या पायवाटेवरून चिखलावर उड्या मारणारे निवटी मासे आणि एकच नांगी भली मोठी असलेले रंगीत खेकडे दिसतात, आणि त्यासाठी कोणत्याही हंगामाची वाट पाहावी लागत नाही. ओहोटी मात्र असावी. मुलुंडहून खाडीवरचा पूल ओलांडला की ऐरोलीच येते.

माळरान
नावात सीना नदी आहे, म्हणजे आपण सोलापूरकडच्या दिसता, म्हणून विचारतो : इतक्या दूर कशाला जाता? नान्नजचे माळढोक अभयारण्य आपल्या दारात आहे. माळढोक आता क्वचितच दिसतो, पण काळविटांचे कळप मुलांना जरूर दिसतील. आणि रोहित पक्षीच पाहायचे असतील तर फेब्रुवारीत उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणला जावे. तिथले कोळी बांधव होडीतून नेतात.

दोन_दुर्बिणी
उजनीला प्रामुख्याने मोठा रोहित येतो आणि ठाण्याच्या खाडीत प्रामुख्याने छोटा. दोन्ही सारखे नाहीत. छोट्याची चोच गडद असते आणि रंग अधिक भडक असतो.

माळरान
पाच वर्षांच्या मुलाच्या लेखी तो फरक मोठा नाही. त्याला शब्द दिलेला आहे आणि तो घरापासून काही तासांच्या अंतरावर पाळता येतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

पाऊणपट
मी वसईचा आहे आणि इतका वेळ वाट पाहत होतो की कुणीतरी तिथीविषयी बोलेल. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते, म्हणजे ते दिवस उधाणाचे असतात. उधाणात भरती जशी खूप चढते, तशी ओहोटीही खूप आत जाते, आणि एरवी पाण्याखाली राहणारा खडकाळ भाग उघडा पडतो. आमच्याकडे हिशोब असा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. भाऊबीज म्हणजे द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड, म्हणून दुपारी दीडच्या सुमारास भरती, आणि त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. नोव्हेंबरमध्ये तोवर ऊन तापलेले नसते. मुलांना घेऊन जुहूच्या किंवा हाजी अलीच्या खडकांवर जायला याहून चांगली वेळ वर्षात फार वेळा येत नाही. खडकांतल्या डबक्यांत समुद्रफुले, शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे, समुद्री गोगलगायी आणि नशीब असेल तर लहानसा ऑक्टोपस दिसतो. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या या जिवांची ओळख करून देणाऱ्या पदयात्रा निसर्गप्रेमी मंडळी ओहोटीच्या वेळा पाहून काढतात. त्या दिवशी एखादी असेल तर तिच्यासोबतच जावे.

खारफुटी
हिशोब उपयोगी आहे, पण मुलांना समुद्रात उतरवताना केवळ त्यावर विसंबू नये असे मला कळकळीने सांगायचे आहे. पाऊणपटीचा नियम रोज ४५ मिनिटे धरतो, प्रत्यक्षात भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणूनच पौर्णिमेला नियमाप्रमाणे सव्वाअकरा येतात आणि मुंबईत भरती बाराच्या आसपास येते. छापील किंवा अधिकृत भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून त्या दिवसाची वेळ ठरवावी.

पाऊणपट
द्वितीयेला तो फरक दहा मिनिटांहून जास्त होत नाही. आमच्या वडिलांनी चाळीस वर्षे याच हिशोबावर होडी लोटली.

खारफुटी
आपल्या वडिलांना पाणी पाहूनही कळत असणार, सोलापूरहून आलेल्या कुटुंबाला ते कळणार नाही. एकदा एका खासगी होडीवाल्याने वेळ चुकवली आणि आम्ही सहा जण, त्यांत दोन लहान मुले, खाडीच्या चिखलात रुतून दोन तास उन्हात बसलो होतो. चिखल कमरेएवढा असल्यामुळे उतरून चालत येणेही शक्य नव्हते. तेव्हापासून मी कोष्टकाशिवाय कुणालाही जाऊ देत नाही.

पाऊणपट
हे मान्य. कोष्टक पाहावे, आणि पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी खडकांवर पोचून पाणी वळताच परत फिरावे. खडकांच्या बाजूने पाणी मागून भरते, हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही.

वनवाट
बिबट्याविषयीचा प्रश्न तसाच राहिला. बिबटे आहेत, परंतु ते माणसांची वर्दळ टाळतात आणि मुख्यतः अंधार पडल्यावर फिरतात. दिवसा मुख्य रस्त्यावर आणि लेण्यांपाशी असावे, मुलांना पुढे एकटे धावू देऊ नये आणि दुपार कलण्याआधी निघावे. तिथे खरा त्रास माकडांचा होतो. हातात खाऊची पिशवी दिसली की ती ओढून नेतात. सासरेबुवांसाठी कान्हेरीपर्यंत वाहन जाते आणि तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह प्रवेशापासून जवळच आहे. त्यांनी तिथे निवांत बसावे, वरच्या पोढींपर्यंत मुलांसोबत कुणीतरी एकाने जावे.

गोरखचिंच
राणीच्या बागेविषयी कुणीच बोलत नाही, म्हणून लिहिते. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी सपाट वाटा, सावली आणि बाके असलेली ती जागा सर्वांत सोयीची आहे. मुले २०१६ साली आणलेल्या हम्बोल्ट पेंग्विनांसाठी जातात, पण एकोणिसाव्या शतकात लावलेली झाडे मला त्याहून मोलाची वाटतात.

वनवाट
काचेमागचा पेंग्विन पाहणे म्हणजे निसर्ग पाहणे नव्हे. त्यांनी खराखुरा निसर्ग मागितला आहे.

गोरखचिंच
उर्वशीचे फुललेले झाड काचेमागे नसते. अडचण वेगळी आहे : बुधवारी बाग बंद असते, आणि बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवून गुरुवारी बंद ठेवतात. ताईंचे नेमके तेच दोन दिवस आहेत. आदल्या दिवशी बागेची सूचना पाहावी, अन्यथा या वेळी ती सोडून द्यावी.

सीना_काठ
सर्वांचे आभार. मी असे ठरवले आहे. भाऊबीजेला पहाटे भावाच्या गाडीने जुहूला, कोष्टकात वेळ पाहून. सासरे वाळूवर खुर्ची टाकून बसतील. दुपारनंतर ओवाळणे आहे, म्हणून तो दिवस तिथेच संपतो. गुरुवारी सकाळी लवकर कान्हेरी, आणि थकवा नसेल तर शुक्रवारी गाडीची वेळ होण्याआधी ऐरोलीची पायवाट. कर्नाळा आणि घारापुरी रद्द. धाकट्याला आजच सांगितले की रोहित पक्षी अजून प्रवासात आहेत आणि आपण फेब्रुवारीत त्यांना उजनीला भेटू. त्याने दिनदर्शिकेवर खूण करून घेतली. आता एकच विचारायचे आहे : खडकांवर मुलांना शाळेचे जुने बूट चालतील का, आणि तिथल्या कशाला हात लावू द्यायचा नाही?

पाऊणपट
बूट चालतील, फक्त तळवा रबरी असावा आणि झिजलेला नसावा, कारण शेवाळावर पाय सटकतो आणि कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात. चपला अजिबात नकोत. शंकूच्या आकाराचा शंख कितीही सुंदर दिसला तरी उचलू देऊ नये, त्याचा डंख विषारी असतो. खडकावर गालिच्यासारखे पसरलेले मऊ, फुलांसारखे जीव दिसतील, त्यांना बोट लावू नये आणि त्यांच्यावर पाय ठेवू नये. दगड उलटून पाहिला तर होता तसाच परत ठेवावा, त्याच्या खालच्या बाजूला अंडी असतात. घरी गेल्यावर बूट त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावेत.