प्रतिसाद: मुंबईत मोठी जहाजं कुठून बघावीत?

वर कुणीतरी मरीन ड्राइव्ह सुचवलंय. वारा खायला उत्तम, पण जहाजं तिथून ठिपक्याएवढी दिसणार, कारण बंदर शहराच्या पूर्वेला आहे. आणि अटल सेतूवर गाडी थांबवायला मनाई आहे, तो विचार सोडाच.

माझं मत विचाराल तर घारापुरी (एलिफंटा बेट). लेणी बघून झाली की तोफांच्या टेकडीवर चढा. एका बाजूला न्हावाशेवा बंदराच्या क्रेन आणि कंटेनरची जहाजं, मुंबईच्या बाजूला जवाहर द्वीपावर तेलाचे टँकर. न्हावाशेवाकडे बघताना दुपारनंतर ऊन पाठीशी येतं, फोटोला तेच बरं. सोमवारी लेणी बंद असतात. परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.

स्वस्तातलं हवं असेल तर भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याची लाँच. नांगरलेली जहाजं वाटेत बऱ्यापैकी जवळून दिसतात. पाण्यालगतचा लाल पट्टा रुंद दिसला की समजा जहाज रिकामं किंवा हलकं आहे. भरलेल्याचा पट्टा बुडालेला असतो. भरती-ओहोटीबरोबर नांगरावरची सगळी जहाजं एकाच दिशेला तोंड फिरवतात, तेही बघा.

मरीनट्रॅफिक अ‍ॅपवर जहाजाचं नाव, कुठून आलं ते कळतं. नौदलाच्या गोदीकडे मात्र कॅमेरा रोखू नका, उगाच चौकशी मागे लागेल.