टिंकर म्हणजे कल्हईवाला का?

नीलमोहर: पश्चिम आयर्लंडमधल्या एका आजीबाईंच्या आठवणी मराठीत आणतेय. ‘वसंतात टिंकर यायचे, अंगणात बसून डबे दुरुस्त करून द्यायचे.’ मी ‘कल्हईवाले’ लिहिलं, संपादकांनी काट मारली. काय लिहू?

सांडशी: काट योग्यच आहे. कल्हई भांड्याला आतून लावतात, भांडं आधीचंच असतं. टिंकर नवं भांडंही करायचा: टिनचा पत्रा कापायचा, कडा दुमडून ठोकायची, बूड झाळायचं. दुधाच्या बादल्या, मग, सगळं त्यांच्या हातचं. पुढे प्लॅस्टिक आलं आणि धंदा बसला. ‘पत्रेकाम करणारे’ लिहा.

गोदाकाठ: त्यानं दुकान थाटून बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘घिसाडी’ म्हणा सरळ.

सांडशी: घिसाडी लोखंडाचं काम करतात, शिवाय ते जातीचं नाव. आयरिश माणसाला आपली जात कशाला चिकटवायची?

रानवाट: मग ‘भटके-विमुक्त’?

गोदाकाठ: ‘विमुक्त’ अजिबात नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातून १९५२ साली सुटले ते विमुक्त. आयरिश भाषेत यांना ‘लुख्त शूल’ म्हणतात, चालणारी माणसं. ‘फिरस्ते’ त्यातल्या त्यात जवळचं.

रानवाट: टिंकर ही आज तिथे शिवी आहे. ते स्वतःला ट्रॅव्हलर किंवा पॅव्ही म्हणवतात. १ मार्च २०१७ ला सरकारने स्वतंत्र वांशिक गट म्हणून मान्यताही दिली. मूळ शब्द छापूच नये.

नीलमोहर: पण आजीबाईंच्या तोंडी तोच आहे. तो पुसला तर गाव त्यांना कसं वागवत होतं तेही पुसलं जाईल.

रानवाट: त्यांच्या शेल्टा बोलीत काही आयरिश शब्द उलटे केलेत. कॅलीन म्हणजे मुलगी, तिची झाली लॅकीन. आपली ‘च’ची भाषाच की!

सांडशी: ‘च’ची भाषा पोरांची गंमत. शेल्टा पोटापाण्याची, गिऱ्हाइकासमोर आपसात बोलायची.

नीलमोहर: पुढे बॅलिनास्लोचा ऑक्टोबरातला घोडेबाजार येतो. सौदा जुळवणारा ‘टँगलर’. दलाल चालेल?

गोदाकाठ: चालेल. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, तिथे तळहातावर थुंकून उघड टाळी. मग विकणारा शकुनाचे थोडे पैसे परत देतो. त्याला ‘वर्ताळा’ म्हणा.

सांडशी: वर्ताळा अदलाबदलीत वरून देतात! हा तर घेतलेल्यातून परत देतोय.

गोदाकाठ: आमचे आजोबा बैल विकून परत दिलेल्या रुपयालाही वर्ताळाच म्हणायचे. कोशात नसेल, बाजारात होता.