जपायचं म्हणजे कोंडायचं का?

सांजवारा
वय ७४. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला महासाथ म्हटलं, तोवर मी रोज पाच किलोमीटर चालणारा माणूस होतो. आठवडाभरात 'हाय रिस्क' झालो! अंगात काही बिघडलं नव्हतं, लोकांची नजर तेवढी बदलली. मुलानं माझे बूट लपवले (हो, खरंच). बातमीत कुणी गेल्याचं सांगताना लगेच 'वृद्ध होते, सहव्याधी होत्या' अशी पुस्ती जोडायची, म्हणजे बाकीच्यांनी हुश्श करावं. विषाणूची भीती मलाही होती. पण आपल्याबद्दल सगळं परस्पर ठरतंय, आपल्याला कुणी विचारतही नाही, यानं जास्त खचलो. जपून राहायचं वय कुठे साठ, कुठे पासष्ट, ब्रिटनमध्ये सत्तर. ही सरसकट रेघ मारणं चूकच होतं, असं माझं मत.

रात्रपाळी
काका, कोविड वॉर्डात नर्स होते मी. अजिबात पटलं नाही. रेघ विषाणूनंच मारली होती. अमेरिकेत सुरुवातीच्या काळात दर दहा मृतांपैकी आठ जण ६५ किंवा त्यावरचे होते. वयाबरोबर प्रतिकारशक्ती मंदावते, रोज चालणाऱ्याचीही. शिवाय म्हातारपणी ताप येईलच असं नाही. नुसतं असंबद्ध बोलणं, जेवण तुटणं, तोल जाऊन पडणं. घरचे म्हणायचे, 'वय झालं, दुसरं काय.' अशी माणसं आमच्याकडे फार उशिरा पोचायची. बूट लपवणारा मुलगा परवडला.

सांजवारा
तापाचं ठाऊक नव्हतं. पण 'वय झालं' म्हणून सोडून देणं, हेच तर मी म्हणतोय!

खडूस
काकांना +१. मार्च २०२० मध्येच इटलीतल्या भूल आणि अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेनं लिहिलं होतं की आयसीयूत घेताना वयाची मर्यादा घालावी लागू शकते. तेव्हाच ट्विटरवर विषाणूला 'बूमर रिमूव्हर' (म्हातारे हटवणारा) म्हणून खिदळणंही चालू होतं. जपण्यासाठी मारलेली रेघ वगळायलाही वापरता येते. आणि १९१८ च्या फ्लूमध्ये २० ते ४० वयाचे धडधाकट लोक मोठ्या संख्येनं गेले. तेव्हा तरुणांना कोंडलं असतं का?

रात्रपाळी
१९१८ चा विषाणू वेगळा होता, त्यावरून इथे काही सिद्ध होत नाही. एकट्या वयावर खाट नाकारू नये, हे मान्य. पण खाट एक आणि दारात तिघं, हे बाहेरून बघणाऱ्यांना सोपं वाटतं.

मधली सून
सासूबाई वृद्धाश्रमात होत्या. त्यांना कोविड झालाच नाही, कागदोपत्री सगळं उत्तम. दहा महिने एका खोलीत. आत चालत गेलेल्या बाई, बाहेर आल्या त्या व्हीलचेअरवर. आम्ही काचेपलीकडून हात हलवायचो आणि त्या शेजारच्या बाईंना विचारायच्या, 'हे कोण?' यांची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

जुनं खोड
सगळे म्हातारे बिचारे, हे आधी डोक्यातून काढा. पहिल्या वर्षातल्या कितीतरी पाहण्यांत चिंता आणि नैराश्य तरुणांतच जास्त आढळलं. माझ्या पिढीनं देवीची साथ पाहिली आहे. मी एकटा, ७९ वर्षांचा, मजेत होतो. वैताग आला तो रोज सकाळ-संध्याकाळ 'बरे आहात ना?' विचारणाऱ्या फोनांचा.

मधली सून
तुम्ही फोन उचलू शकत होतात, आजोबा.

रात्रपाळी
ताई, तुमच्या सासूबाईंबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. आम्हीही भेटी बंद केल्या होत्या. काका, बूस्टर घेतलात का?

सांजवारा
घेतला. चालत गेलो होतो.