मदत हवी आहे: जे औषध या जंतूवर चालत नाही, तेच का देताहेत?

गोदाकाठ: बाबांच्या (६८) हृदयाच्या झडपेला इन्फेक्शन झालंय. आज अकरावा दिवस. कल्चरच्या रिपोर्टमध्ये जेन्टामायसिनपुढे 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही) आलाय. सेफ्ट्रायाक्झोन चालू आहे, पण ते या जंतूवर चालतच नाही असं वाचलं. विचारलं तर 'प्रोटोकॉल आहे' एवढंच उत्तर. दवाखाना बदलू का? उद्या सकाळी ठरवायचंय.

जिवा: जंतू कोणता? झडप स्वतःची की बसवलेली? दुसरं औषध कोणतं?

गोदाकाठ: एन्टरोकॉकस फीकॅलिस. झडप स्वतःचीच. सोबत अँपिसिलिन, दर चार तासांनी. रात्री दोनलाही सिस्टर उठवतात, बाबा हात पुढे करून परत झोपतात.

माणदेशी: माझ्या बसवलेल्या झडपेवर एमआरएसए (बऱ्याच औषधांना दाद न देणारा स्टॅफ जंतू) होता. व्हॅन्कोमायसिनबरोबर रिफाम्पिसिन दिलं, लघवी केशरी व्हायची, पण बरा झालो. तेच मागून घ्या.

औषधवाली_ताई: मागून घ्या काय? तुमचा स्टॅफ, यांचा एन्टरोकॉकस. रिफाम्पिसिनने असिट्रोमचा, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा, जोर कमी होतो. तुमचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा) उतरला नव्हता?

माणदेशी: उतरला होता, गोळी वाढवली. पण जीव वाचला ना!

औषधवाली_ताई: गोदाकाठ, वाचलंत ते खरं आहे. एकटं सेफ्ट्रायाक्झोन या जंतूला मारत नाही. पण जंतूची भिंत विणणारी प्रथिनं अनेक असतात. काही अँपिसिलिन अडवतं, उरलेली सेफ्ट्रायाक्झोन. दोन्ही मिळून भिंत ढासळते. पूर्वी अँपिसिलिनबरोबर जेन्टामायसिन द्यायचे, त्यात किडनी आणि कान बिघडायचे. 'आर' असेल तर त्याचा उपयोगही नाही. म्हणून ही जोडी, साधारण सहा आठवडे. उपचार बरोबर दिशेने आहेत. ताप उतरला म्हणून मध्येच घरी नेऊ नका.

शांताराम_काका: सहा आठवडे म्हणजे मेडिक्लेमवाल्यांना आधीच कळवा, खोलीभाड्याची मर्यादा बघा. आणि दात तपासून घ्या, इन्फेक्शन तिथूनच येतं.

जिवा: काका, दातातून येतो तो बहुतेक स्ट्रेप्टोकॉकस. हा आतड्यातला, लघवीच्या मार्गातला जंतू. गोदाकाठ, बाबांना अलीकडे लघवीचा त्रास, नळी, असं काही?

गोदाकाठ: दीड महिन्यापूर्वी प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, आठ दिवस नळी होती. त्याचा हृदयाशी काय संबंध म्हणून इथल्या डॉक्टरांना बोललोच नाही.

जिवा: आत्ता सांगा, सकाळची वाट बघू नका.

गोदाकाठ: जिन्यातच आहे. ती फाईल घरून मागवली. ताई, दवाखाना बदलत नाही.