कॉम्बॅट मिशन नॉर्मंडी: लपलेली माइनफील्ड फुटण्याआधी कशी ओळखायची? सल्ला हवा

गडगेकर_लांजा
नमस्कार मंडळी. 'कॉम्बॅट मिशन: बॅटल फॉर नॉर्मंडी' हा दुसऱ्या महायुद्धावरचा कॉम्प्युटर गेम चालू आहे, चिपळूणच्या मित्राबरोबर, ईमेलने टर्नची (चालींची) देवाणघेवाण. तो बचावात जर्मन, मी हल्ल्यावर अमेरिकन. हाताशी एक रायफल कंपनी, इंजिनियरची एक प्लाटून, ३ शर्मन रणगाडे, ८१ मिमी मॉर्टर (उखळी तोफ). वेळ ५० मिनिटं. नकाशा म्हणजे सगळी शेतं नि बांध, मधून दोन खोल वाटा.
प्रश्न असे:
१. इंजिनियर पुढे चालवले की माइन (सुरुंग) आपोआप दिसते का?
२. ज्या वाटेने अख्खं पायदळ सुखरूप गेलं, तिथेच पहिल्या शर्मनची साखळी तुटली. हे कसं?
३. 'मार्क माइन्स' (सापडलेल्या माइनवर खूण लावायची ऑर्डर) केल्यावर ती जागा साफ झाली असं धरायचं का?

साकव
दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण सगळे तिथेच फसतात. गेममध्ये माइन तीन प्रकारच्या: माणसांसाठीची, रणगाड्यांसाठीची आणि मिश्र. रणगाड्याची माइन माणसाच्या वजनाने फुटत नाही. ३० माणसं तिच्यावरून गेली तरी ती गप्प. त्यामुळे 'पायदळ गेलं म्हणजे वाट मोकळी' हा हिशोब फक्त पायदळापुरता खरा. गाडीसाठी त्या वाटेची तपासणी झालेलीच नसते.
तिसऱ्याचं उत्तर: नाही. मार्क केल्याने माइन निघत नाही, तिच्यात पाय पडायची शक्यता कमी होते. पायदळ हळू आणि एकामागून एक काढता येतं. गाडी त्यावरून न्यायची नाही.

पाणंदवाला
पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं दिलं तर तू उद्या इंजिनियर पळवत नेशील, म्हणून नीट सांगतो.
इंजिनियरला लपलेली माइन सापडू शकते, पण जवळ असताना, संथ असताना आणि त्याच्यावर गोळीबार होत नसताना. 'क्विक' किंवा 'फास्ट' ही पळवायची ऑर्डर देऊन नेलास तर तो साध्या रायफलवाल्यासारखाच माइनवर पाय देणार. करायचं असं:
संशयित जागेच्या दोन चौकटी अलीकडे थांबव. गेममधली जमीन ८ × ८ मीटरच्या चौकटींत मोजली जाते आणि माइनचं एक एकक तेवढीच चौकट व्यापतं. म्हणजे साधारण १६ मीटर अलीकडे. अख्खं स्क्वॉड (तुकडी) न्यायचं नाही. 'स्प्लिट टीम्स' करून (छोटे गट पाडून) एकच टीम पुढे काढ, कारण न फोडलेलं स्क्वॉड शेजारच्या तीन चौकटींपर्यंत पसरतं आणि तू ज्या चौकटीवर बोट ठेवलंस तिच्या बाजूच्या चौकटीत कुणाचा तरी पाय जातो. मग एक चौकट 'स्लो'ने पुढे, आणि पुढचा पूर्ण टर्न काहीही ऑर्डर न देता थांबायचं. 'स्लो' म्हणजे सरपटणं, त्याने माणसं लवकर दमतात. सलग दोन-तीन चौकटींच्या वर देऊ नकोस.
टर्न ६० सेकंदांचा आहे आणि एकदा पाठवला की मध्ये हात घालता येत नाही. म्हणून वेपॉइंट, म्हणजे जायचे टप्पे, आखूड ठेव. लांब रेघ ओढून ठेवली आणि दहाव्या सेकंदाला स्फोट झाला, तर उरलेली ५० सेकंद नुसतं बघत बसायचं.

गडगेकर_लांजा
म्हणजे ४० मीटरची वाट तपासायची तर पाच चौकटी, चौकटीला दोन टर्न, दहा मिनिटं नुसती शोधण्यात. वर मार्किंगचा वेळ वेगळा. ५० मिनिटांत बसणार कसं?

चिरेबंदी
बसत नाहीच, म्हणून सगळीकडे शोधायचं नसतं. इंजिनियर हे संशय पक्का करायचं साधन आहे. संशय कुठे घ्यायचा हे आपल्या डोक्याने ठरवायचं.
समोरच्याच्या बाजूने हिशोब कर. १६० मीटर रुंदीचं शेत अडवायचं तर एका ओळीलाच २० एककं लागतात. तेवढे खरेदीचे पॉइंट माइनवर घालवले तर त्याच्याकडे मशीनगन उरणार नाहीत. म्हणून तो उघड्या शेतात माइन पेरत नाही, जिथून तुला जावंच लागतं तिथे पेरतो.
नॉर्मंडीतली ही बांधांची शेतं, म्हणजे बोकाज, समजायला कोकणातल्या माणसाला जड नाही. गडग्याऐवजी (दगडी कुंपणाऐवजी) मातीचा उंच बांध, त्यावर दाट झाडोरा, आणि दोन बांधांमधून गेलेली खोल पाणंद. आपल्याकडे गडग्याला जिथे बेडं (फाटक) असतं, तिथे बोकाजला मोकळी फट असते. पहिला संशय त्या फटीवर, फटीच्या *आतल्या* अंगाला: फट ओलांडून आलेला माणूस ज्या पहिल्या-दुसऱ्या चौकटीत थबकतो, ती. दुसरा संशय पाणंदीच्या वळणावर, कारण तिथे रणगाडा अडकला की मागचे सगळे खोळंबतात. तिसरा पुलाच्या अलीकडच्या तोंडाला नि उताराच्या जागी. चौथा, जिथे त्याच्या मशीनगनचा मारा पोचत नाही अशा आडोशाला. ती जागा आपल्याला सुरक्षित वाटते, आणि शहाणा बचाववाला ते ओळखून असतो.
काटेरी तारेवरही लक्ष ठेव. तार लांबून दिसते, माइन दिसत नाही. तारेच्या रांगेत मुद्दाम सोडल्यासारखी मोकळी जागा असेल, तर ती तुझ्या सोयीसाठी सोडलेली नाही.

मालवणी_मॉर्टर
सगळा बराबर, पण एक रवला. इंजिनियर फुडे घालतास आणि समोरची मशीनगन तशीच ठेवतास? मगे ते माइन शोधतले की जीव वाचवतले?
गोळीबाराखाली दबलेली टीम काही शोधत नाही, उलट भलतीकडे सरपटते आणि शेजारच्या चौकटीत माइनवर जाते. आधी ८१ मिमीचा धूर टाकायचा. धूर पडायला वेळ लागतो, तेव्हा मागणी एक-दोन टर्न आधी नोंदवायची. पायाजवळचं शोधायला लांबचं दिसावं लागत नाही, म्हणून धुराने आपलं नुकसान नाही.

खाडीपार
एक शंका. इंजिनियरकडे तेव्हा माइन डिटेक्टर होते ना? मग गेममध्ये इतका त्रास का? 'आर्मा ३' या गेममध्ये तर डिटेक्टर खिशात असला की पॅनेलवर ठिपके दिसतात.

चिरेबंदी
आर्मा वेगळा. तिथे तू एकटा सैनिक आहेस, आणि शोधलेल्या माइनची खूण दिसणार की नाही हे डिफिकल्टीच्या सेटिंगवर आहे. सर्व्हरवर खूण बंद असेल तर पॅनेल उघडं ठेवूनच चालायचं. निकामी करायला टूलकिट आणि एक्स्प्लोजिव्ह स्पेशालिस्टसारखा माणूस लागतो, नुसत्या डिटेक्टरने भागत नाही.
डिटेक्टरबद्दल: पोलंडच्या युझेफ कोसात्स्कीने बनवलेलं यंत्र १९४२ मध्ये इजिप्तमधल्या एल अलामेनच्या लढाईत ५०० नगांनी वापरलं गेलं. वजन १४ किलोच्या आसपास. वाळूत सुरुंग काढायचा वेग त्याने ताशी १०० चौरस मीटरवरून २०० वर गेला असं सांगतात. म्हणजे यंत्र असूनही तासाला २०० चौरस मीटर! गेमच्या चौकटीत मोजलं तर तीनच चौकटी. शिवाय जर्मनांची 'श्यूमाइन ४२' लाकडी खोक्यातली होती, धातू अगदी थोडा, डिटेक्टर तिच्यापुढे जवळपास बहिरा. मग संगीन तिरकी घालून माती टोचत बसायचं. गेम इंजिनियरला त्या मानाने दयाच दाखवतो.

पाणंदवाला
स्फोट झालाच तर काय करायचं, हे कुणी लिहिलं नाही.
पहिलं, त्या चौकटीवर खूण उमटते, पण फक्त त्याच चौकटीवर. शेजारची मोकळी आहे असा अर्थ नाही. पेरणारा सहसा दोन-तीन चौकटी लगत पेरतो. दुसरं, एक स्फोट झाला म्हणजे ती चौकट संपली असं नाही, तिथेच पुन्हा फुटू शकतं. तिसरं, जखमींना मदत करायला दुसरी टीम लगेच पाठवू नको, सगळ्यात जास्त माणसं तिथेच जातात. अडकलेल्या टीमच्या पुढच्या ऑर्डरी पुसायच्या, ती सावरेपर्यंत हलवायची नाही, मग आल्या वाटेने 'स्लो'ने बाहेर. त्यानंतर इंजिनियर, आणि 'मार्क माइन्स' त्या खुणेवरच द्यायचं. काही मिनिटं जातात, तेवढ्यात त्यांना दुसरं काम देऊ नये.

साकव
खात्री करून घ्यायची असेल तर गेमच्या एडिटरमध्ये २०० × २०० मीटरचा सपाट नकाशा कर. शत्रूच्या बाजूला तटबंदीच्या यादीतून तिन्ही प्रकारच्या माइन तीन-तीन ठेव, तुझ्या बाजूला एक 'ग्रीन' (नवशिकी) आणि एक 'व्हेटरन' (अनुभवी) इंजिनियर टीम. 'सिनारिओ ऑथर टेस्ट'ने चालव, त्यात दोन्ही बाजू दिसतात. एकदा चालवून निष्कर्ष काढू नको, नशिबाचा भाग बराच आहे. पाच-सहा वेळा चालव, मग अनुभवी टीमचा फरक लक्षात येईल.

गडगेकर_लांजा
आभार सगळ्यांचे. आता बेत असा: पाणंद सोडून देतो. डावीकडच्या शेताच्या फटीवर धूर, दोन इंजिनियर टीम आत, दोन चौकटी तपासून मार्क, रायफलवाले त्यातून. आणि पाठोपाठ शर्मन.

चिरेबंदी
शर्मन त्या फटीतून नको, वर साकवने लिहिलंय ते पुन्हा वाच. तुझ्या तिघांत पुढे कात्रीसारखे दात लावलेला 'ऱ्हायनो' आहे का बघ. असेल तर तो फटीपासून चार-पाच चौकटी बाजूला, थेट बांधातून घाल. तिथे कुणी माइन ठेवली असण्याची शक्यता कमीच. ऱ्हायनो नसेल तर इंजिनियरांकडच्या चार्जने 'ब्लास्ट' देऊन पायदळापुरती नवी फट पाड आणि रणगाडे बांधाआडून मारा करायला ठेव.
अजून एक, टर्न पाठवण्याआधी मागच्या गाड्यांच्या जुन्या ऑर्डरी पुसल्यास का ते तपास. पुढची गाडी अडकली की मागची तिला वळसा घालायला आपली आपण वाट शोधते, आणि ती वाट कुणीच तपासलेली नसते.